अक्षर सुधारायचा पेन

शिवहार गडदे मास्तरांच्या खिशाला दोन पेन असत, पिशवीत चार, आणि घरी कपाटाच्या एका खणात इतके, की तो खण ओढताना साधनाबाईंना दोन्ही हात लावावे लागत. एवढ्या पेनांच्या मालकाचं अक्षर मात्र असं, की फळ्यावरचा सुविचार पोरं अंदाजानं वाचत आणि मास्तरांनी मान हलवली की बरोबर आला असं समजत.

औंढ्यात लोकांना वाटे, माणूस मोठा विद्वान असला पाहिजे. उगीच का कोणी इतके शाईचे पेन बाळगतं? नव्वदच्या दशकात सगळ्या जगानं बॉलपेन धरला, मागून जेलपेन आले, दुकानदारांनी शाईच्या बाटल्या मागच्या फळीवर सरकवल्या, आणि हे गृहस्थ हिंगोली, वसमत, नांदेड अशी दुकानं पालथी घालत निबा शोधत हिंडत. लोकांचा समज मास्तरांनी कधी मोडला नाही. कशाला मोडतील? खरी गोष्ट एवढीच होती, की तो खण म्हणजे विद्वत्ता नव्हती, औषधांचं कपाट होतं. एकाही औषधाचा गुण आलेला नव्हता.

दुखणं जुनं होतं. मास्तर मूळचे सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचे. बाप रखमाजी मेंढरं राखायचा. उन्हाळ्यात कळप खतासाठी लोकांच्या शेतात बसवायला निघाला की पोरगं मागं. असं करता करता शिवहार नऊ वर्षांचा झाला तरी शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. शेवटी राठोड गुरुजींनी रखमाजीला रस्त्यात गाठलं, "मेंढरं बी मोजता यायला पायजेत की न्हाई पोराला?" असं म्हणून पटवलं आणि पोराला पहिलीत बसवलं. पण तोवर त्या हाताला काठीची सवय लागली होती. पेन्सिलही त्यानं काठीसारखी मुठीत धरली. गुरुजींनी बोटं धरून गिरवून घेतलं, पट्टी मारली, शेवटी चौथीत म्हणाले, "अक्षर राहू दे शिवहार. गणित बघू." गणितावर आणि पाठांतरावर पोरगं पुढे गेलं, डीएड झालं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलं. पण त्यानं लिहिलेलं कुणीही वाचायला घेतलं की मास्तरांना वाटे, आता याला अक्षरांतून मेंढरं दिसणार.

आणि एकदा दिसलीच. चौऱ्याण्णव साली शिक्षण विस्तार अधिकारी शाळा तपासायला आले. हजेरीपुस्तक उघडून त्यांनी विचारलं, "हे काय, हजेरी पोरांकडून लिहून घेता का?"

सगळे हसले. मास्तरही हसले, दुसरं काय करणार. मुख्याध्यापकांनी नंतर समजूत काढली. "गडदे, बॉलपेन सोडा. बॉलपेननं अक्षर बिघडतं. शाईचा पेन धरा."

आता हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक मास्तरानं प्रत्येक पोराला ऐकवलेलं आहे. गडदे मास्तर स्वतः आठवड्यातून एकदा वर्गात ऐकवत. पण आपण दुसऱ्याला दिलेला उपदेश आपल्याला कुणी दिला की तो एकदम खरा वाटू लागतो. त्याच रविवारी हिंगोलीला जाऊन त्यांनी पहिला पेन आणला. मातकट लाल रंगाचा, साधा.

त्या पेनानं त्यांना भुलवलं. शाई भरताना येणारा तो आंबूस वास, कागदावर ओली रेघ क्षणभर चमकते आणि मग हळूच मिटते ते, निबेची बारीक खरखर, सगळ्यानं. बॉलपेननं लिहिणं म्हणजे काम होतं. हे कामासारखं वाटेचना. अर्ध्या वहीभर त्यांनी नुसतं आपलं नाव लिहिलं. मग जरा लांब धरून बघितलं. अक्षर तेच. 'शिवहार'मधला 'श' पाय मोडून बसलेला, 'ह' रेषेच्या खाली घसरलेला.

इथं शहाण्या माणसानं हाताकडे बघितलं असतं. मास्तरांनी पेनाकडे बघितलं. निब बारीक आहे, त्यांनी ठरवलं. दुसरा पेन जाड निबेचा आणला. तो शाई जास्त सोडायचा, म्हणून तिसरा आणला. तिसरा हलका होता, हातात बसेना. चौथा वजनदार होता, हात दुखला. पाचवा चिनी, सोनेरी टोपणाचा, त्याची निब नखाएवढीच बाहेर. लिहिताना निब दिसत नाही म्हणून अक्षर वाकडं येतं, असा त्याच्यावर ठपका ठेवला गेला. आजारी माणूस डॉक्टर बदलत जातो तसे मास्तर पेन बदलत गेले, फरक इतकाच की आधीच्या डॉक्टरांना ते घरी ठेवून घेत.

यात त्यांना पेनांतलं मात्र खरोखर कळायला लागलं. निबेखाली जी खाचांची पट्टी असते, तिला जीभ म्हणतात, ती कोमट पाण्यात किती वेळ ठेवायची. निबेच्या फटीतून पातं कसं फिरवायचं. आटे गळत असले तर मेण किती लावायचं. एक नियम त्यांनी स्वतः केला आणि वेदवाक्यासारखा पाळला: आपला पेन दुसऱ्याला द्यायचा नाही, निबेला परक्या हाताचं वळण लागतं. त्यांच्या हाताचं वळण लागून निबांचं काय झालं असेल, हा प्रश्न घरात फक्त साधनाबाईंना पडला.

"आवो, ह्या एवढ्या पेनांमधून एकानं तरी तुमचं अक्षर चांगलं आलं का?"

"हाताला बसणारा पेन मिळायला पायजे."

"मंग तवर ह्यांना काहून सांभाळून राहिलात? द्या की पोरांना."

"पोरं निब मोडतात."

"आन तुमी?"

साधनाबाई वसमतकडच्या हट्टा गावच्या. दहावी झालेल्या. घरात लिहायचं काम त्यांचंच असे, पण त्याला कुणी लिहिणं म्हणत नव्हतं. दुधाचा हिशेब, माहेरी पत्र, शेजारपाजारच्या लग्नपत्रिकांवरची नावं. दोन रुपयांचा बॉलपेन, टोपण दातांनी चावलेलं, आणि चुलीवर दूध ठेवून बसल्या बसल्या लिहायच्या. अक्षर छापल्यासारखं. याच्याकडे मास्तरांनी दहा वर्षांत एकदाही नीट बघितलं नाही, कारण बॉलपेननं अक्षर बिघडतं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

नव्याण्णव साली हिंगोली जिल्हा झाला. परभणीहून खाती आली, साहेब आले, बदल्या आल्या, आणि निरोपसमारंभांचा सुकाळ झाला. निरोपाला शाल, नारळ आणि डबीतला पेन ठरलेला. घेणारा घरी जाऊन शाल बायकोला देतो, नारळ फोडतो आणि पेन कपाटात ठेवून विसरतो. हे ध्यानात आल्यावर मास्तरांनी दुकानं सोडली आणि निवृत्त माणसं धरली. आधी चहा, मग गुडघ्यांची चौकशी, मग सहज म्हटल्यासारखं, "तुम्हाला निरोपाला पेन मिळाला असंल न्हाई?" बहुतेक जण आनंदानं देऊन टाकत. काही जण मास्तरांची सायकल लांबून दिसली की आत जाऊन झोपत.

याच काळात रखमाजी दोन महिने औंढ्याला लेकाकडे येऊन राहिला. म्हातारा एकटा आला नाही, चार मेंढ्या घेऊन आला. शेजारच्या माळावर दुसऱ्याचा कळप चरायचा, आपली जनावरं त्यात मिसळतात ही तकलीफ. धनगराकडे त्याला एकच उपाय: पाठीवर रंग. गेरू सापडला नाही, तेव्हा म्हाताऱ्यानं लेकाच्या कपाटातली निळी बाटली उघडली, चिंधी बुडवली आणि चारही मेंढ्यांच्या पाठीवर हातभर पट्टा ओढला. ती बाटली मास्तरांनी नांदेडहून आणलेली, सणासुदीला उघडायची.

मास्तर शाळेतून आले तो दारात निळ्या मेंढ्या.

"बाबा! शाई व्हती ती!"

"मंग? रंगच हाय न्हवं?"

"लिव्हायची शाई!"

"तू कवा लिव्हतोस?" म्हाताऱ्यानं खरंच कुतूहल म्हणून विचारलं. पुढच्या आठवड्यात लोकर कातरण्याआधी मेंढ्या ओढ्यात धुतल्या, पट्टे वाहून गेले, आणि रखमाजीनं लेकाला वर ऐकवलं, "तुझा रंग बी काई कामाचा न्हाई. एका धुण्यात गेला. बाजारातला गेरू सहा महिने ऱ्हातो."

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या पेनांच्या पलीकडे एक पेन होता, आणि तो मिळाल्याशिवाय आपल्या हाताला मोक्ष नाही, असं मास्तरांनी मनाशी धरलं होतं. तो राठोड गुरुजींचा.

थावरा राठोड गुरुजी, ज्यांनी रखमाजीला रस्त्यात गाठलं होतं तेच. निवृत्त होऊन औंढ्याजवळच्या आपल्या तांड्यावर राहत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला तो पेन शिवहारनं पहिलीपासून बघितलेला: गर्द हिरवा, वर पिवळीधमक क्लिप. आणि गुरुजींचं अक्षर! सगळ्या तालुक्यात तसं अक्षर नव्हतं. वर्गात गुरुजी खडूनं लिहीत, वह्या टाकानं तपासत, पेन खिशातच असे. पण इतका भारी पेन लेकरांच्या वह्यांवर कोण झिजवणार, हे नऊ वर्षांच्या पोरालाही कळत होतं. भारी पेन खिशाला, भारी अक्षर फळ्यावर. पोरानं दोन्हींची गाठ मारली आणि ती गाठ चाळिशीपर्यंत सुटली नाही.

मास्तर अधूनमधून तांड्यावर जात. विषय पेनावर आणत. गुरुजी खिशाला हात लावून म्हणत, "हा असा कुणालाबी न्हाई द्यायचा, शिवहार. लिव्हणारा हात सापडला की त्याला देईन." मास्तर आपले दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसत.

दोन हजार चार साली गुरुजींना पंचाहत्तर वर्षं झाली. औंढ्यात त्यांचा सत्कार ठरला. समितीचे अध्यक्ष पुनमचंद शेठ, कापडाचे व्यापारी. अध्यक्ष यासाठी, की शाली त्यांच्या दुकानातून यायच्या होत्या. मानपत्राचा मजकूर कॉलेजच्या एका प्राध्यापकानं लिहून दिला, त्यात गुरुजींना दोनदा दीपस्तंभ म्हटलं होतं. आता तो मजकूर मोठ्या कागदावर उतरवायचा. कुणी म्हणालं, कॉम्प्युटरवर काढू. शेठ उसळले.

"कम्प्युटरवर तर उंदराच्या दवाईचा कागद बी निघतो. गुरुजी के लिए हाथ से लिखा हुआ चाहिए. आणि आपल्या गडदे सरांकडे इतके पेन हैत, ते काय लोणचं घालायला?"

सगळी समिती गडदे सरांकडे बघू लागली. दहा वर्षं खिशाला पेन लावून मिळवलेली विद्वत्ता अशी वसुलीला आली. नाही म्हणायचं तर काय म्हणून? "मला लिहिता येत नाही" असं एका मास्तरानं समितीपुढं कसं म्हणावं? आणि त्या क्षणी त्यांच्या मनात दुसराही विचार आला, तो पहिल्यापेक्षा वाईट होता. गुरुजी मानपत्र बघतील. लिहिणारा हात त्यांना सापडेल.

"देतो की," मास्तर म्हणाले.

घरी त्यांनी चांगला कागद आणला, पेन्सिलनं रेघा आखल्या, खणातला सगळ्यात गुणी पेन काढला आणि पहिला 'मा' काढला. 'मा' तिरका झाला. दुसऱ्या कागदावर दीपस्तंभ कलला. तिसऱ्यावर शाईचा थेंब पडला, तो खडूनं टिपताना खडूच मोडून फरफटला. साधनाबाई भाकरी थापत बघत होत्या. चौथ्या कागदाला त्यांनी परात बाजूला सारली.

"आणा इकडं."

"तुला न्हाई जमणार. शाईचा पेन हाय."

"तुमाला जमून राहिलंय का?"

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, पाटावर कागद पसरला आणि पेनासाठी हात पुढे केला. मास्तरांनी पेन दिला खरा, पण देताना त्यांचं तोंड असं झालं, जसं कुणी घरातलं माणूस परक्याच्या हवाली करावं. मग मेंढी विताना रखमाजी जसा वर उभा राही तसे ते बायकोच्या डोक्यावर उभे राहिले.

"दाबू नको. निब फाकंल."

"उजेड सोडा."

दोन दुपारी लागल्या. तिसऱ्या दिवशी मानपत्र तयार झालं. प्रत्येक ओळ जागच्या जागी, वेलांट्या एका मापाच्या, दोन्ही दीपस्तंभ ताठ.

"बरा चालतो की हा," साधनाबाई पेन परत देत म्हणाल्या. "खाली नाव कुणाचं टाकू?"

"मानपत्रावर लिव्हणाराचं नाव नसतं," मास्तर घाईनं म्हणाले.

साधनाबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि परात पुढं ओढली.

सत्कार छान झाला, म्हणजे भाषणं लांबली आणि पेढे पुरले. गुरुजींच्या अंगावर शाल आली, हातात फ्रेम आली. भिंगाचा चष्मा लावून ते मानपत्र वाचू लागले. मजकूर त्यांनी सोडून दिला असावा, कारण बोट ओळींवरून नव्हतं, वेलांट्यांवरून फिरत होतं. मग माइकसमोर येऊन म्हणाले, "हे हातानं लिव्हलंय? कुणी?"

"हमारे गडदे सर!" शेठ खुर्चीतूनच ओरडले.

टाळ्या पडल्या. गुरुजींनी खिशातला हिरवा पेन काढला. "शिवहार, हिकडं ये. चौथीत तुझ्या अक्षरापुढं मी हात टेकले व्हते. आज बघून राहिलो. ये, घे."

मास्तर उठले. बायकांच्या रांगेत साधनाबाई बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघितलंच. बाई टाळ्या वाजवत होत्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालूच होत्या.

मास्तरांनी पेन घेतला. वाकून नमस्कार केला. घेतला, हे लिहायलाच हवं. कारण मागाहून त्यांनी लोकांना सांगितलं की गुरुजींनी तो बळंच खिशात घातला.

मोपेडवरून घरी जाताना बाई मागं पदर सावरून बसल्या होत्या. गतिरोधक आला तेव्हा म्हणाल्या, "हळू घ्या. अक्षर सांडंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला सुट्टी. मास्तरांनी ताटलीत कोमट पाणी घेतलं. नवा आलेला पेन आधी धुवायचा, जुनी शाई काढायची, मग आपली भरायची, ही त्यांची रीत. पेन उघडून निब आणि जीभ त्यांनी पाण्यात सोडली आणि निळं पाणी व्हायची वाट बघत बसले. जुना पेन कितीही धुतलेला असो, पाण्यात पडला की फटीतून निळा धूर निघतो. हिरव्या पेनातून काही निघेना. पाणी स्वच्छ. त्यांनी पाणी बदललं, हलवलं, टोपणात चिंधी फिरवली. चिंधी पांढरी. भिंग घेऊन निबेचं टोक बघितलं. वापरलेल्या निबेचं टोक एका बाजूनं घासलेलं असतं. हे गोल होतं, कारखान्यातून आल्यासारखं.

पन्नास वर्षं खिशाला असलेला पेन, आणि त्यात कधी शाईच पडलेली नव्हती.

गुरुजींना फसवून मान घेतला, पेन घेतला, ही टोचणी मास्तरांना होतीच. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला तिच्यापेक्षा मोठी चिंता ही होती, की या पेनानं जर गुरुजींनी लिहिलंच नाही, तर ते अक्षर आलं कुठून? शाई भरून बघायचा धीर होईना. त्यांनी पेन पुसला, शाईची नवी बाटली पिशवीत टाकली. गुरुजींच्याच हातून पहिली ओळ लिहून घ्यावी, असं काहीतरी निमित्त जुळवलं आणि तांड्यावर गेले.

गुरुजी दारात बाजेवर बसले होते. कालची शाल घडी करून उशाला होती. त्यांच्या बायको, निर्मलाबाई, सुपात ज्वारी निवडत होत्या. मास्तरांनी निमित्त वगैरे विसरून सरळच विचारलं.

"गुरुजी, पेन धुतला. पाणी स्वच्छ निघालं."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोलल्या निर्मलाबाई.

"त्यात शाई कवा व्हती, मास्तर? मी नांदायला आले तवापासून तो खिशालाच हाय. एकदा म्या म्हणलं, लेकराचं नाव तरी लिव्हून दाखवा त्यानं. तर म्हणले, हात लावू नको."

"तू ज्वारी निवड," गुरुजी म्हणाले. मग मास्तरांकडे वळले. "नोकरीला लागलो तवा तहसिलीत पगाराला जावं लागायचं. तिथला कारकून, पेशकार, वर बघायचा, तांड्यावरचा माणूस दिसायचा, म्हणायचा, 'ठैरो.' उभा. दुपारपर्यंत उभा. एकदा माझ्यामागून एक जण आला, त्याच्या खिशाला पेन. त्याला 'तशरीफ रखिए.' म्या नांदेडला जाऊन पगार मोडला आन् हा आणला. पुढल्या महिन्याला खुर्ची मिळाली."

"पण शाई काहून न्हाई भरली?"

"गळाली असती तर? सदरा एकच व्हता."

निर्मलाबाई सूप आपटून हसल्या. मास्तरांना हसू येईना.

"मंग तुमचं अक्षर कशानं झालं, गुरुजी?"

"बोरूनं. रोज पाटीभर गिरवायचो. आधी उर्दू, मंग मराठी. तुला चौथीपर्यंत हेच सांगून राहिलो व्हतो. तू माझ्या खिशाकडं बघत बसायचास."

आता हे ऐकून एखाद्याच्या डोक्यात लख्ख उजेड वगैरे पडला असता. मास्तरांच्या डोक्यात कपाटाचा खण आला, सबंध. त्यांनी मुकाट्यानं पिशवीतून बाटली काढली, हिरव्या पेनात शाई भरली, आटे आवळले, आणि गुरुजींपुढं धरला. गुरुजींनी हात वर केला. बोटं थरथरत होती.

"तू लिव्ह. कालचं अक्षर काढ. मला बघायचंय."

मग आला प्रसंग. मास्तरांनी बाजेच्या कडेला बसून गुडघ्यावर कागद घेतला आणि लिहिलं, 'थावरा राठोड गुरुजी'. 'थ' कलंडला, 'ठ' फुगला, 'गुरुजी' उतारावरून निघाल्यासारखे खाली गेले.

गुरुजींनी कागद डोळ्यांजवळ नेला. "हा 'ठ' मी वळखतो," ते म्हणाले. "मानपत्र कुणी लिव्हलं?"

"बायकोनं."

"नाव?"

"साधना."

"काल व्हती का तिथं?"

"व्हती. टाळ्या वाजवून राहिली व्हती."

"मी पन्नास वर्सं खिशाला लावून फसवलं लोकांना, आन् तू एका दुपारी मलाच फसवलंस." गुरुजी रागावले होते, आवाज चढला होता. "आन् बाई टाळ्या वाजवत बसली! स्टेजवर तिला काहून न्हाई बोलावलं?"

"चुकलं, गुरुजी. पेन तिलाच द्या. मी काई म्हणत न्हाई."

खोटं बोलून मिळालेली वस्तू सोडताना माणसाला खरीखुरी वस्तू सोडल्याइतकंच लागतं. त्यांनी पेन कागदासकट गुरुजींच्या मांडीवर ठेवला.

पण गुरुजींचं लक्ष उडालं होतं. ते कागदावरच्या ओळीकडे बघत होते. अक्षर नव्हे, शाई बघत होते. 'गुरुजी'वर ती अजून ओली होती. त्यांनी त्यावर बोट टेकवलं, बोट निळं झालं.

"चालतोय की रे," ते हळूच म्हणाले.

"चालणारच. नवी निब हाय."

गुरुजींनी पेन उचलला. थरथरत्या हातानं टोक कागदाला लावलं. रेघ आली, वेडीवाकडी, मुंगीच्या वाटेसारखी. त्यांनी दुसरी काढली. मग अक्षरं काढली. ती शिवहारच्या अक्षरांपेक्षा वाईट होती, निर्मलाबाईंनी मान लांब करून बघितली आणि तसं सांगितलंही. गुरुजींनी ऐकलं नाही. "बघ, बघ, दाबायलाच लागत न्हाई," असं ते कुणाला तरी सांगत होते आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत सुटले होते. सदऱ्यावर दोन थेंब पडले. निर्मलाबाईंनी "सदरा!" म्हटलं. "असू दे, चार हैत आता," गुरुजी म्हणाले.

मास्तर शेजारी बसले होते. कागद भरला तेव्हा गुरुजींनी त्यांच्याकडे मान न वळवता हात पुढे केला, "आणखी हाय का?" मास्तरांनी पिशवीतून शाळेच्या तिमाही परीक्षेचे उरलेले कागद काढून दिले. पेन कुणाचा, हा विषय कुणी काढला नाही. मास्तरांनी एकदा खाकरून बघितलं.

"गुरुजी, मी निघतो मंग."

"व्हय, हो पुढं. आन् बायकोला घेऊन ये रविवारी, मला तिच्याशी बोलायचंय. ती कशी धरती ते बघू." गुरुजी लिहीतच होते.

मास्तर उठले, पिशवी खांद्याला लावली, मोपेडपाशी गेले. मागून हाक आली.

"शिवहार! शाईची बाटली ठेवून जा."

मास्तरांनी पिशवीत हात घातला आणि बाटली आणून बाजेखाली ठेवली.